विश्लेषण : पोटगीचा आदेश हातात, पैसे मात्र नाहीत, थकबाकी वसूल कशी होते?

घटस्फोटाच्या निकालात पोटगीचा आकडा लिहिला गेला म्हणजे लढाई संपली असे नसते. पहिले काही महिने पैसे खात्यात जमा होतात, मग उशीर होऊ लागतो, मग निम्मेच येतात आणि एके दिवशी थांबतात. घरभाडे, शाळेची फी आणि किराणा मात्र थांबत नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबागमधून वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात पुन्हा पुन्हा जाणाऱ्या बायकांसमोरचा प्रश्न बहुतेकदा ‘पोटगी मिळेल का’ हा नसतो, ‘मंजूर झालेली पोटगी हातात कशी पडेल’ हा असतो. कायद्यात वसुलीचे एकापेक्षा अधिक मार्ग आहेत. प्रत्येकाची मुदत, न्यायालय आणि ताकद मात्र वेगळी आहे.

आदेश कोणत्या कलमाखालचा, हे आधी का पाहायचे?

कारण वसुलीची पद्धत त्यावरच ठरते. पोटगी साधारण तीन दारांनी येते. पहिले दार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ने घेतली. घटस्फोट झालेली आणि पुनर्विवाह न केलेली स्त्री या कलमापुरती ‘पत्नी’च धरली जाते, त्यामुळे घटस्फोटानंतरही तिला हे दार बंद होत नाही. दुसरे दार विवाहविषयक कायद्यांचे : हिंदू विवाह कायद्याचे कलम २५, विशेष विवाह कायद्याचे कलम ३७, तसेच पारशी आणि ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतील तशाच तरतुदी. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यासोबत किंवा त्यानंतर कायमस्वरूपी पोटगी ठरते ती येथे. तिसरे दार २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे.

पहिल्या दाराने आलेल्या आदेशाची वसुली फौजदारी पद्धतीने, म्हणजे वॉरंट आणि तुरुंग यांच्या धाकाने होते. दुसऱ्या दाराने आलेला आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणला जातो; त्यासाठी ‘दरखास्त’ दाखल करावी लागते. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १८मध्ये हा फरक स्पष्ट नोंदवला आहे. एकाच न्यायालयाने, एकाच जोडप्याच्या वादात दोन्ही प्रकारचे आदेश दिलेले असू शकतात. त्यामुळे नक्कल हातात आल्यावर रकमेच्या आधी कलम वाचावे लागते.

मुंबईपुरता आणखी एक तपशील महत्त्वाचा. १९८४च्या कायद्यानुसार येथे कुटुंब न्यायालय स्थापन झाले असल्यामुळे कलम १४४चा अर्ज जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे जात नाही, तो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयातच करावा लागतो. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज मात्र गिरगाव किंवा भोईवाड्यासारख्या आपापल्या हद्दीतल्या दंडाधिकारी न्यायालयात होतो. लालबागच्या बाईला एका अर्जासाठी परळपर्यंत चालत जाता येते आणि दुसऱ्यासाठी वांद्र्याला हजर राहावे लागते, ते यामुळे.

एका वर्षाची मुदत नेमकी कशाला लागू आहे?

कलम १४४च्या पोटकलम ३नुसार, पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवली तर न्यायालय प्रत्येक चुकीसाठी वसुली वॉरंट काढू शकते. दंड जसा वसूल करतात तशीच ही वसुली होते : जंगम मालमत्ता जप्त करून विकणे, किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जंगम आणि स्थावर अशा दोन्ही मालमत्तांतून रक्कम काढणे. पण त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बहुतेक नुकसान होते ते येथे.

समजा, दरमहा १२ हजार रुपयांचा आदेश आहे आणि २० महिने काहीच आले नाही. थकबाकी झाली २ लाख ४० हजार. ‘आज देतो, उद्या देतो’ या आश्वासनांवर थांबून २० महिन्यांनी अर्ज केला, तर वॉरंटच्या मार्गाने मागता येतात शेवटच्या १२ महिन्यांचे १ लाख ४४ हजार. आधीचे ९६ हजार या मार्गाच्या बाहेर पडतात. ते बुडाले असा मात्र याचा अर्थ नाही. पूंगोडी विरुद्ध थंगवेल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की वर्षाची अट फक्त या झटपट आणि कडक पद्धतीला आहे, पोटगीच्या मूळ हक्काला नाही. जुन्या थकबाकीसाठी नेहमीचा दिवाणी मार्ग खुला राहतो. शिवाय मुदतीत केलेला अर्ज प्रलंबित असताना वाढत गेलेली थकबाकी त्याच प्रकरणात मागता येते. म्हणूनच अनुभवी वकील तीन-चार महिने थकले की पहिला अर्ज टाकून ठेवायला सांगतात. तडजोडीची बोलणी चालू असली तरी अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही.

दिवाणी हुकूमनाम्याचे गणित निराळे आहे. तेथे मुदत १२ वर्षांची असते, आणि दरमहा देय असलेल्या रकमेसाठी ती प्रत्येक हप्ता थकल्याच्या तारखेपासून मोजतात.

तुरुंगात गेला की थकबाकी फिटते का?

नाही. नवऱ्यांच्या वर्तुळात ‘महिनाभर आत बसून येतो, मग काही द्यावे लागत नाही’ असे ऐकायला मिळते, ते साफ चुकीचे आहे. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या दशकाच्या अखेरीसच हा मुद्दा निकालात काढला. तुरुंगवास हे पैसे द्यायला भाग पाडण्याचे साधन आहे, पैसे फेडण्याचा पर्याय नाही. रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत देणे कायम राहते.

क्रम मात्र पाळावा लागतो. आधी वसुली वॉरंट, ते अंमलात आणूनही रक्कम शिल्लक राहिली तर एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरल्यास तोपर्यंत, कैद. हा क्रम सोडून थेट अटक वॉरंट निघाले, की वरच्या न्यायालयात ते टिकवणे अवघड होते आणि त्यात आणखी काही महिने जातात. एका अर्जावर एकूण किती काळ आत ठेवता येते, यावर न्यायालयांत मतभेद आहेत. शहादा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्याचा अधिकार एका महिन्यापुरता असल्याचे म्हटले आणि त्यानंतरही थकल्यास पुन्हा अर्ज करता येईल असे सांगितले. त्यानंतर काही उच्च न्यायालयांनी थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी वेगळी कैद देता येते असा अर्थ लावला.

प्रत्यक्षात अडते ते कागदाच्या शेवटच्या टोकाला. वॉरंट न्यायालयातून पोलीस ठाण्यात जाते आणि ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत येते. जुनी चाळ पाडली गेली, नवरा भाड्याने कुठेतरी गेला, पत्ता जुनाच राहिला, असे गिरणगावात सहज घडते. अशा वेळी नोकरीचे ठिकाण, दुकानाचा गाळा, भावाचे घर असे एकापेक्षा अधिक पत्ते अर्जात दिले तर वॉरंट बजावण्याची शक्यता वाढते. आदेश मुंबईचा असला तरी नवरा जेथे असेल तेथल्या दंडाधिकाऱ्याकडे त्याची अंमलबजावणी मागता येते. तो कोकणात गावी जाऊन राहिला म्हणून कायद्याच्या पलीकडे जात नाही.

दिवाणी दरखास्तीत हाती काय लागते?

नवरा नोकरदार असेल तर हा मार्ग अनेकदा वॉरंटपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. त्याची फारशी चर्चा मात्र होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०मध्ये पगाराच्या जप्तीला मर्यादा आहेत. सामान्य कर्जासाठी पगारातले पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी नियम उलटा आहे : फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित, बाकी दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. महापालिका, बेस्ट, रेल्वे, सरकारी रुग्णालय किंवा खासगी कंपनी, कुठेही नोकरी असली तरी न्यायालय पगार वाटणाऱ्या कार्यालयाला थेट कपातीचा आदेश देऊ शकते. एकदा ही कपात सुरू झाली, की दरमहा नवऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. कपात करून रक्कम न पाठवणाऱ्या कार्यालयावरच देण्याची जबाबदारी येते.

नवरा निवृत्त असेल तर? निवृत्तिवेतनाला जप्तीपासून संरक्षण आहे, पण ते सावकारांपासून. पत्नीच्या पोटगीपासून नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये घेतली. भविष्य निर्वाह निधीला खात्यात असेपर्यंत कायद्याचे कवच आहे. बँकेतील ठेवी, शेअर, वाहन, दुकानातला माल हे सगळे मात्र जप्तीच्या कक्षेत येते. नवऱ्याला इतरांकडून येणे असलेली रक्कमही न्यायालय मध्येच थांबवून दरखास्तदाराकडे वळवू शकते.

मालमत्ता कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर न्यायालयाकडे नवऱ्याच्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागता येते. ते दिले नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कोठडीची तरतूद आहे.

थकबाकी ५ हजार रुपयांहून अधिक असेल तर खुद्द वसुलीसाठीही तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कोठडी होऊ शकते. पण त्यासाठी नवऱ्याजवळ पैसे असून तो देत नाही, किंवा त्याने मालमत्ता लपवली वा दुसऱ्याच्या नावे केली, असे काही दाखवावे लागते. या कोठडीत एक विचित्र अट आहे. कैद्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता दरखास्तदाराने आगाऊ भरायचा असतो. ज्या नवऱ्याने दोन वर्षे घरखर्च दिला नाही, त्याच्या कोठडीतल्या भाकरीचे पैसे बायकोने आधी न्यायालयात जमा करायचे. शिवाय एकदा सुटल्यावर त्याच हुकूमनाम्याखाली त्याला पुन्हा अटक करता येत नाही. त्यामुळे पगार किंवा मालमत्ता हाताशी असेल तर कोठडीच्या मागे न लागता जप्तीवर भर देणे शहाणपणाचे.

चाळीतली खोली जप्त करता येते का?

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो, कारण अनेक कुटुंबांची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे पागडीची खोली. बाजारात तिची किंमत लाखांत असली तरी कायद्याच्या लेखी नवरा तिचा मालक नसतो, भाडेकरू असतो. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या निवासी जागेतील भाडेकरूचा हक्क कलम ६०नेच दिवाणी जप्तीतून वगळला आहे. म्हणजे पागडीची खोली सहजी लिलावात निघत नाही.

पुनर्विकास झाला की चित्र पालटते. जुन्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहून नवऱ्याच्या नावे मालकी हक्काची सदनिका झाली, तर भाडेकरूला मिळणारे ते संरक्षण उरत नाही. पुनर्विकासाच्या काळात विकासकाकडून मिळणारे पर्यायी जागेचे भाडे किंवा इतर ठरलेली रक्कम हे नवऱ्याचे विकासकाकडचे येणे असते. ते न्यायालयामार्फत अडवण्याची मागणी करता येते. त्यासाठी करारनाम्याची प्रत किंवा निदान विकासकाचे नाव आणि इमारतीचा तपशील लागतो. शेजारपाजारी आणि भाडेकरू संघाच्या पदाधिकाऱ्यांकडून ही माहिती अनेकदा मिळून जाते.

खरी खबरदारी आधीच घ्यायची असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५मध्ये पोटगीची रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करण्याची तरतूद आहे. घटस्फोटाच्या वेळी ही मागणी करून ती हुकूमनाम्यात उतरवून घेतली, तर पुढे नवऱ्याने सदनिका विकायला काढली तरी पोटगीचा हक्क तिच्या मागे राहतो. आकड्यावर महिनोन्महिने घासाघीस करणाऱ्या जोडप्यांच्या संमतीपत्रांत बोजाचे एक वाक्य मात्र अनेकदा राहून जाते.

नागपूरच्या खटल्याने काय बदलले?

पोटगीच्या वसुलीवर आज कुठल्याही न्यायालयात युक्तिवाद सुरू झाला, की ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हे नाव निघतेच. हा खटला महाराष्ट्रातलाच. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५ हजार रुपये आणि मुलासाठी आधी ५ हजार, नंतर १० हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. तीही सप्टेंबर २०१३ पासून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये नवऱ्याची याचिका फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला. तोवर मूळ अर्जाला सात वर्षे उलटली होती, आणि वाद अजून अंतरिम पोटगीचाच होता. संपूर्ण थकबाकी १२ आठवड्यांत भरण्याचा आदेश नवऱ्याला देण्यात आला.

या एका जोडप्यापुरते न थांबता न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र द्यायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. एकापेक्षा अधिक कायद्यांखाली आदेश असतील तर आधीची रक्कम नंतरच्या आदेशात वळती धरायची, आणि अर्जदाराने आधीचे आदेश लपवायचे नाहीत. अंमलबजावणीबाबत सांगितले ते सर्वांत मोलाचे : पोटगीचा आदेश हा पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासारखा समजून कैद, जप्ती अशा सर्व मार्गांनी वसूल करता येईल. म्हणजे कलम १२५ किंवा १४४खालचा आदेश असला तरी फक्त वॉरंटवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. हेतुपुरस्सर आदेश मोडणाऱ्या नवऱ्याचा बचाव काढून टाकण्याचा, म्हणजे मूळ दाव्यात त्याचे म्हणणे न ऐकण्याचा पर्यायही न्यायालयाने मान्य केला, मात्र तो शेवटचा उपाय म्हणून. न्यायालयाच्या अवमानाची कारवाईही शक्य आहे.

प्रतिज्ञापत्रांचा नियम कागदावर राहू लागल्याने २०२३ मध्ये आदिती विरुद्ध जितेश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला तो पुन्हा बजावून सांगावा लागला. वसुलीच्या टप्प्यावर हे प्रतिज्ञापत्र उपयोगी पडते, कारण बँक खाते, मालक, वाहन, विमा असा जप्तीसाठी लागणारा तपशील त्यातच असतो. मूळ खटल्यात ते भरले गेले नसेल, तर वसुलीच्या वेळी नवऱ्याची मिळकत शोधत फिरायची वेळ येते.

घटस्फोटानंतर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा चालतो का?

यावरचा महत्त्वाचा निकाल मुंबईतल्या वादातून आला. जुवेरिया पटनी विरुद्ध आतिफ मन्सुरी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले, की लग्न टिकून असताना हिंसाचार झाला असेल तर नंतर झालेल्या घटस्फोटामुळे नवऱ्याची जबाबदारी पुसली जात नाही. या कायद्याच्या कलम २०मध्ये एक धारदार हत्यार आहे. आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत, तर दंडाधिकारी नवऱ्याच्या मालकाला किंवा त्याला देणे असलेल्या व्यक्तीला थेट सांगू शकतो, की पगारातला किंवा देण्यातला अमुक हिस्सा परस्पर पत्नीला द्या वा न्यायालयात भरा. यासाठी वेगळ्या दिवाणी दरखास्तीची पायपीट लागत नाही. आर्थिक कोंडी हाही या कायद्यात हिंसाचाराचाच प्रकार आहे.

मुस्लिम स्त्रियांबाबतचा संभ्रमही आता बराच दूर झाला आहे. १९८६च्या कायद्यानंतर घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ लागू आहे का, यावर वाद होत राहिले. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते लागू असल्याचे ठणकावून सांगितले.

एकरकमी घ्यावी की दरमहा?

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हा प्रश्न निकालाआधीच येतो आणि वसुलीचे भवितव्य तेथेच ठरते. एकरकमी पैसे शेवटच्या तारखेपूर्वी न्यायालयात डिमांड ड्राफ्टने जमा झाले, तर पुढे वसुलीचा प्रश्नच उरत नाही. ‘निम्मे आता, निम्मे सहा महिन्यांनी’ अशा तडजोडीत दुसरे निम्मे थकते. प्राप्तिकराचा फरकही आहे : दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्न धरली जाते, तर एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची असल्याने करपात्र नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८०च्या दशकातच एका संस्थानिक घराण्यातील स्त्रीच्या प्रकरणात म्हटले होते.

एकरकमी रक्कम नाममात्र असेल तर ती पुढचे दार बंद करत नाही. मुंबईच्याच बाई ताहिरा प्रकरणात नवऱ्याने मेहेर आणि इद्दतीचे पैसे देऊन जबाबदारी संपल्याचा दावा केला होता. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने तो फेटाळला. दिलेली रक्कम उदरनिर्वाहाला पुरेल अशी हवी, अन्यथा दरमहा पोटगीचा हक्क उरतोच, असा त्या निकालाचा रोख होता.

दरमहा घ्यायची असेल तर वाढीची अट लिहून घेणे आवश्यक. राखी साधुखाँ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दरमहा ५० हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिला. अशी वाढ मूळ आदेशात नसेल, तर महागाई वाढल्यावर रक्कम वाढवण्यासाठी नवा अर्ज आणि पुन्हा तारखा.

‘नोकरी गेली’ असे नवऱ्याने सांगितले तर?

नोकरी खरोखर जाऊ शकते, आजारपण येऊ शकते. कायद्याने त्यासाठी वाट ठेवली आहे : नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६खाली किंवा संबंधित विवाह कायद्याखाली अर्ज करून बदललेली परिस्थिती दाखवायची आणि रक्कम कमी करून घ्यायची. स्त्रीने पुनर्विवाह केल्यावर आदेश रद्द करून घेण्याचीही हीच वाट. आपल्या मनाने पैसे थांबवण्याची मुभा मात्र नवऱ्याला नाही. आदेश बदलून येईपर्यंत जुनी रक्कम दरमहा चढत राहते. वरच्या न्यायालयात आव्हान दिले आहे, एवढ्यानेही देणे थांबत नाही. स्थगिती मिळवावी लागते आणि ती देताना न्यायालये सहसा थकबाकीचा मोठा भाग आधी भरायला लावतात.

धंदा बुडाला, बँकेचे कर्ज आहे, ही सबब व्यावसायिकांकडून येते. गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले, की पोटगीचा हक्क हा जगण्याच्या हक्काशी जोडलेला असल्याने थकीत पोटगीला वित्तसंस्थांच्या वसुलीपेक्षा अग्रक्रम राहील.

नवरा परदेशात असेल तर वाट लांबते. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांशी न्यायालयीन हुकूमनाम्यांच्या परस्पर अंमलबजावणीची व्यवस्था आहे, पण तेथे जाऊन ती चालवणे खर्चाचे. त्यापेक्षा त्याच्या नावावर येथे असलेली सदनिका, ठेव किंवा वडिलोपार्जित हिस्सा शोधणे अधिक फलदायी ठरते. न्यायालयाचे अटक वॉरंट निघाले असेल तर पारपत्र जप्त करण्याची तरतूद पारपत्र कायद्यात आहे.

कैदेच्या धाकाने वैवाहिक आदेश पाळायला लावण्याची पद्धत मुंबईला नवी नाही. गिरगावात डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहणाऱ्या रखमाबाईंना उच्च न्यायालयाने मार्च १८८७ मध्ये सांगितले होते, की महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली तेव्हा पैसे मिळाले ते नवऱ्याला, २ हजार रुपये.

अर्जासाठी काय लागते, खर्च किती?

आदेशाची प्रमाणित नक्कल, महिनावार थकबाकीचा तक्ता, पैसे जमा होत होते त्या खात्याचे पासबुक किंवा उतारा, नवऱ्याचे सध्याचे पत्ते आणि नोकरी-धंद्याचा जेवढा मिळेल तेवढा तपशील. तक्त्यात देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम आणि शिल्लक असे चार रकाने पुरतात. निम्मी आलेली रक्कमही त्यात दाखवायची, कारण ती लपवली तर पुढच्या तारखेला नवऱ्याच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. पैसे रोख घेण्याचे टाळलेले बरे. ‘मी हातात दिले होते’ हा बचाव बँकेच्या उताऱ्यासमोर टिकत नाही.

महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ करणारी अधिसूचना १९९४ पासून आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कमावती असली तरी. त्यासाठी मुंबईतील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो किंवा १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन. कुटुंब न्यायालयात पक्षकाराला स्वतः बाजू मांडता येते आणि वकील देण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. थकबाकीचा साधा अर्ज अनेक जणी स्वतःच भरतात. जप्तीची दरखास्त मात्र तांत्रिक असते. त्यात मालमत्तेचे वर्णन चुकले, की ती दुरुस्तीसाठी परत येते आणि पुढची तारीख पडते.